सातवा तलाव भरला की येणारा सण

यंदाच्या गणपतीत देखावा कशाचा करायचा, यावर आमच्या मुलुंडच्या सोसायटीची बैठक आषाढात सुरू झाली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. झालं असं की, इमारतीतली बारा ते सोळा वर्षांची आठ मुलं दर रविवारी गच्चीवरच्या खोलीत जमून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा फाशांचा एक खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, फासे पडतील तशी गोष्ट वळत जाते. दीड वर्षात या मुलांनी एक अख्खं शहर कल्पनेने उभं केलंय. त्या शहराला सात तलाव आहेत, प्रत्येक तलावाची एक बहीण-देवी आहे आणि सातवा तलाव भरून वाहिला की शहरात सण असतो. मुलांनी विचारलं, यंदा आमचा हा सण देखाव्यात दाखवूया का? झालं, लगेच दोन तट पडले. एक बाजू म्हणते, गणपतीसमोर खोट्या देवी मांडणार? दुसरी बाजू, जिच्यात माझे बरेच मित्र आहेत, ती म्हणते, अहो, गेम आहे नुसता, एवढं मनावर काय घेता!

मला या दोन्ही बाजू पटत नाहीत. मुलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं तर अधिकच पटत नाही. कल्पनेतल्या जगातला, कल्पनेतल्या देवीचा सण ही गंभीरपणे घ्यायची गोष्ट आहे, असं माझं म्हणणं आहे. सण कशासाठी असतो, तो कोणाचा असतो, त्यात कोण राबतं आणि कोण वगळलं जातं, हे प्रश्न घरच्या सणात आपण मुलांना विचारू देत नाही. ते प्रश्न या मुलांनी स्वतःच्या सणात स्वतःला विचारले. म्हणून हा सण त्यांना करू द्यावा, आणि मनापासून करू द्यावा. पण तो गणपतीच्या मांडवात नको, असंही माझं मत आहे. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी ती वही पाहिली पाहिजे, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेलीच नाही. साधी दोनशे पानी वही आहे, कोपरे दुमडलेले, मधल्या दोन पानांवर बॉलपेनने काढलेला नकाशा. सणाचं पान वेगळं आहे आणि त्यावर खाडाखोड पुष्कळ आहे. सणाला तिथी नाही. सातवा तलाव ज्या दिवशी भरून वाहील तो दिवस. त्या दिवशी शहरातले सगळे नळ एक तास बंद ठेवायचे. त्या तासात प्रत्येक घराने आदल्या रात्री भरून ठेवलेला तांब्या शेजारच्या घरात नेऊन ओतायचा, स्वतःच्या घरात नाही. खिरीचा पहिला डाव ज्यांची गावं तलावाखाली गेली त्यांना. आणि ज्या वर्षी सातवा तलाव भरणार नाही, त्या वर्षी गोडधोड नाही. उंबरठ्यावर सात कोरडे दगड ठेवायचे आणि संध्याकाळपर्यंत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. नळ बंद ठेवायचा नियम कोणी काढला, म्हणून मी विचारलं. तेरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘काका, नळ बंद झाल्याशिवाय पाण्याची आठवण कुठे येते?’

हे सुचलं कुठून, हे मुंबईकराला सांगायची गरज नाही. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एका चौकटीत या सात नावांपुढे आकडे येतात. १ ऑक्टोबरला सातही मिळून साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास साठा असला, की शहराचं पुढचं वर्ष निभावतं. विहार १८६० साली बांधून झाला, तेव्हापासून हे शहर साठवलेल्या पाण्यावर जगतंय. ज्या पाण्यावर दीड कोटीच्या आसपास माणसं जगतात त्याच्यासाठी या शहरात घराघरांत साजरा होणारा एकही सण नाही. आपल्याकडे नांगराला, बैलाला, नागाला, दिव्याला, झाडूला दिवस आहेत. पाइपातून येणाऱ्या पाण्याला नाही, कारण आपले सण ठरले तेव्हा पाणी पाइपातून येत नव्हतं. मुलांना ही उणीव दिसली. आपल्याला इतकी वर्षं का दिसली नाही?

आणि इथे एक गोष्ट घडली, जी मला या सगळ्या वादात सर्वांत मोलाची वाटते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मूळच्या मुरबाडकडच्या. नातीने त्यांना सात बहिणींची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘अगं, ह्या तर साती आसरा!’ मग त्यांनी माहेरची विहीर सांगितली, विहिरीशेजारचा उंबर, उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड, बाळंतिणीने तिथे जाऊन वाहायची हिरवी बांगडी आणि हळदकुंकू. मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी सात आकडा तलावांवरून घेतला होता. साती आसरांची पूजा महाराष्ट्रात विहिरीकाठी, नदीकाठी, डोहाशी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि मुलुंडच्या सातमजली इमारतीत वाढलेल्या मुलांना त्या भेटल्या त्या एका परदेशी खेळाच्या वाटेने! खेळ नसता तर आजींना हे कोणी विचारलं असतं का?

आता विरोधकांचं म्हणणं. ते टाकाऊ नाही. उलट त्यातले दोन मुद्दे मला फार वजनदार वाटतात. पहिला असा, की मुलांना एकदा देव बनवायची सवय लागली की तो गणपतीही त्यांना बनवलेलाच वाटू लागेल. श्रद्धा ही घडवलेल्या गोष्टीवर बसत नाही, मिळालेल्या गोष्टीवर बसते, असं एका ज्येष्ठ शेजाऱ्यांनी बैठकीत शांतपणे सांगितलं. मी बराच वेळ त्यावर विचार केला. पण मग आपण भाद्रपदात करतो काय? माती आणतो, तिची मूर्ती घडवतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दीड किंवा दहा दिवस पाहुणचार करतो आणि पाण्यात सोडून देतो. पार्थिव गणेशाच्या पूजेत घडवणं आणि विरघळवणं दोन्ही उघड्यावर, मुलांच्या डोळ्यांदेखत होतं. शाडूचा गोळा हातात घेऊन मूर्ती करणाऱ्या मुलाची श्रद्धा कमी झाल्याचं कोणी पाहिलंय? आपली परंपरा घडवण्याला घाबरणारी नाही. घाबरतो ते आपण.

आणि इतिहास काय सांगतो? १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक झाला, गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत तो त्याच वर्षी सुरू झाला. घरातला देव चव्हाट्यावर आणणं तेव्हाही सगळ्यांच्या पचनी पडलं नव्हतं. आज त्यालाच आपण परंपरा म्हणतो. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमातेचं चित्र काढलं, चार हातांची, भगव्या वस्त्रातली. पुढे १९३६ साली गांधीजींच्या हस्ते काशीत भारतमातेचं मंदिर उघडलं गेलं, आणि त्या मंदिरात मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. कवी आणि चित्रकारांच्या मनात आकार घेतलेल्या त्या देवीसाठी माणसं तुरुंगात गेली, फासावर गेली. ती खोटी म्हणायची का? १९७५ साली संतोषी मातेवरचा चित्रपट आला आणि शुक्रवारचं व्रत, गूळ-चण्याचा प्रसाद, आंबट न खाणं हे गावोगावच्या घरांत पोचलं. ज्या बायकांनी ते सोळा शुक्रवार निष्ठेने केले त्यांच्या भक्तीला चित्रपटामुळे उणेपणा आला, असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. सण आणि देव काळाच्या गरजेतून नव्याने रूप घेतात, हे आपल्याच घरात तीन-चार पिढ्या घडत आलंय.

लालबागचंच बघा. पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले, हक्काची जागा मिळू दे म्हणून त्यांनी नवस केला, आणि १९३४ साली लालबागच्या राजाची स्थापना झाली. आज रांगेत चोवीस-चोवीस तास उभ्या राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की त्या उत्सवाच्या मुळाशी मासळीची टोपली ठेवायला जागा नसणं होतं? नारळी पौर्णिमेचंही तेच. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना कायद्याने मासेमारी बंद असते. पण कायदा नव्हता तेव्हा दर्या शांत होईपर्यंत होडी लोटायची नाही, माशांना अंडी घालू द्यायची, हे सण सांगत होता. कोळीवाड्यातल्या माणसाला नारळ कशासाठी ते माहीत आहे. आपल्याला नारळीभात माहीत आहे. सणाचं कारण हरवलं की उरतो तो मेनू आणि डीजे. मुलांनी कारणापासून सुरुवात केली आणि मग सणाकडे आली, हा त्यांचा दोष कसा?

श्रद्धेच्या अपमानाबद्दल अजून एक सांगायला हवं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन हे लहानपणापासून निष्ठावान कॅथलिक होते. त्यांनी कल्पिलेल्या न्यूमेनॉर बेटावर वर्षातून तीन वेळा एका परमेश्वराची प्रार्थना होते: वसंताच्या तोंडाशी, ऐन उन्हाळ्यात आणि शरद संपताना. बेटाच्या मधोमध पर्वत आहे, त्याच्या माथ्यावर ना देऊळ, ना रचलेला दगड. तिथे कधी कोणी हत्यार किंवा अवजार नेलेलं नाही. शुभ्र कपड्यांत, फुलांच्या माळा घालून सगळे चढतात, आणि राजाखेरीज कोणी एक शब्द बोलत नाही. पुढे या बेटाचा ऱ्हास होतो तेव्हा तो टोल्किन कसा दाखवतात? पर्वताची वाट ओस पडते आणि शहरात मोठं घुमटाचं मंदिर उभं राहतं, ज्यात माणसांचे बळी दिले जातात. सण कसा नासतो हे एका श्रद्धावान माणसाने कल्पित सणातून सांगितलं. त्याच्या स्वतःच्या श्रद्धेला त्याने ओरखडा उमटला नाही. ते मौनाचं वर्णन मी वाचलं तेव्हा मला माझी आत्या आठवली. आमच्याकडे खड्याच्या गौरी. गिरगावच्या चाळीच्या विहिरीवरून ती सात खडे घेऊन यायची, तोंडात पाण्याची चूळ धरून, म्हणजे वाटेत बोलता येणार नाही. पुढे घंटा वाजवणारा मी. जिन्यावर कोणी हाक मारली तरी ती नुसती मान हलवायची. ती गप्प का राहते ते मी कधी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. कल्पित बेटावरच्या मौनाने मला माझ्याच घरातल्या मौनापाशी आणून सोडलं.

दुसरा वजनदार मुद्दा बाजाराचा. मुलांच्या फोनवरच्या खेळांतही सण असतात आणि ते कंपन्यांनी आखलेले असतात, हे खरं आहे. आमच्याच मुलांतले दोघे ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ खेळतात. त्यातल्या मॉन्डश्टाट नावाच्या नगरीत वाऱ्याच्या देवासाठी वसंतात फुलांचा सण असतो. तो मोजके आठवडे चालतो, तेवढ्यात आलात तर बक्षिसं, नाही तर गेली. आणि एकदा आत शिरलं की नशिबाच्या सोडतीवर पैसे उडवायला लावणारं दुकान शेजारीच मांडलेलं. याबद्दल पालकांनी चिडावं, अंकुश ठेवावा, मीही त्यांच्याबरोबर आहे. पण त्याच सणातली एक गोष्ट मुलांनी मला सांगितली. देवाला वाहायचं फूल नेमकं कोणतं, हे त्या नगरीत कोणालाच नक्की ठाऊक नाही. जुलमी राजवटीत बंडखोरांनी त्या फुलाचं नाव खुणेचा शब्द म्हणून वापरलं होतं. आता कोणी एक फूल वाहतं, कोणी दुसरं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. हे ऐकून आजी म्हणाल्या, ‘गौरीचं तसंच की. कोणाकडे खडे, कोणाकडे तेरडा, कोणाकडे मुखवटे. कोणाची खोटी?’ दुकानाला विरोध करताना ही समज फेकून देऊ नये एवढंच. आणि मुलांच्या फाशांच्या खेळात तर दुकान नाहीच. सात फासे, एक वही आणि गच्चीवरची खोली.

हा खेळ परदेशी आहे, हा आक्षेप मला तितकासा टिकणारा वाटत नाही. पेटीही परदेशातूनच आली आणि आज तिच्याशिवाय कीर्तन उभं राहत नाही. फाशांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. पुढच्या दशकात तिथल्याच काही पालकांनी आणि धर्मसंस्थांनी तो सैतानाच्या पूजेचा आहे असं म्हणून मोठं काहूर उठवलं. त्यातून सैतान काही सापडला नाही. खेळ पन्नास वर्षं टिकला आणि ती मुलं मोठी होऊन आता आपल्या मुलांना तो शिकवतात. त्या काहुराची नक्कल आपण मुलुंडमध्ये कशाला करायची?

आता मुलांच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांशी दोन शब्द. ‘नुसता गेम आहे’ असं म्हणून तुम्ही मुलांना वाचवत नाही, तुम्ही त्यांच्या दीड वर्षाच्या विचाराला कवडीमोल ठरवता. खिरीचा पहिला डाव कोणाला, या एका ओळीवर त्या मुलांनी तीन रविवार वाद घातला. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात, हे त्यांनी शोधून काढलं. तलाव त्यांच्या उशाशी, पाणी आपल्या नळाला! हे कळल्यावर त्यांनी आधीचा नियम खोडला. आधी पहिला डाव राजाला होता. आपल्या किती सणांत असा नियम खोडायची मुभा आपण कोणाला दिली? हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं का, हा प्रश्न घरात काढला तर आवाज चढतात. कल्पनेतल्या शहरात तो शांतपणे काढता येतो. त्या वहीत एका ठिकाणी लिहिलंय: ‘तांब्या कोणीही नेऊ शकतं. आई नसलेलं, बाबा नसलेलं, कोणीही.’ ही ओळ लिहिणाऱ्या मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. कल्पनेतल्या सणात कोणाचे हात भाजत नाहीत. उकडीच्या एकवीस मोदकांसाठी पहाटे उठून नारळ खवणारी बाई त्यात नाही, नंतर खरकटी भांडी घासणारी नाही, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवरचं निर्माल्य उचलणारा सफाई कामगार नाही. सण म्हणजे आधी श्रम, मग आनंद. वहीत लिहिलेल्या सणाला घाम लागत नाही, आणि म्हणून तो अपुरा आहे. हे मुलांनाही मी सांगितलं. यावर उपाय बंदी हा आहे की तो सण एकदा खराच करून बघणं हा आहे?

म्हणून मांडवात नको असं मी म्हणतो. मंडळांनी मांडवात आजवर राजवाडे उभे केले, दूरदूरच्या देवळांच्या प्रतिकृती केल्या, गुहा केल्या; त्यावर कोणी हरकत घेतली नाही. नक्कल चालते आणि मुलांनी स्वतः रचलेलं चालत नाही, हे मला खटकतंच. तरीही प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीशेजारी, जिची कोणी प्रतिष्ठा केली नाही, जिला कोणी नवस बोललेलं नाही अशी देवी मांडली, तर दोघींचाही अर्थ पुसट होतो. ज्येष्ठांच्या मनातली ही अढी खरी आहे आणि तिचा मान राखावा. शिवाय देखाव्यात हा सण पुठ्ठ्याचा होईल, दिवे लागतील, लोक फोटो काढतील आणि पुढे जातील. ज्या सणाला तिथीच नाही, जो पाऊस ठरवतो, त्याला दहा दिवसांच्या चौकटीत कशाला कोंबायचं? त्याला त्याचा दिवस द्या. सातवा तलाव भरेल त्या दिवशी आपल्या इमारतीचा टाकीचा वॉल्व्ह एक तास बंद ठेवू. तांबे भरू, शेजारी नेऊन ओतू. खीर मुलं करतील, मोठ्यांनी फक्त गॅसपाशी उभं राहायचं, आणि भांडीही मुलंच घासतील. पहिला डाव कोणाला, हा मात्र खरा पेच आहे. तानसाकाठच्या पाड्यांवरची माणसं मुलुंडमध्ये रोज येतात, नाक्यावर कामासाठी उभी राहतात, बांधकामांवर विटा वाहतात. आपण त्यांना नावाने ओळखत नाही. आमच्याच रस्त्यावर पाडून बांधत असलेल्या इमारतीवर त्यांतली काही असतील. मुलांनी तिथे जाऊन विचारायचं ठरवलंय.

हा प्रस्ताव मी लेखी दिलाय आणि येत्या रविवारी तो बैठकीपुढे येईल. काही जण वॉल्व्ह बंद करण्याला विरोध करणार आहेत, तेही मला कळलंय. सणाला हो म्हणणारेही एक तास पाणी नसण्याला नाही म्हणतील.

वहीच्या शेवटच्या पानावर सात वर्तुळं काढली आहेत. रोज सकाळी कोणी तरी वर्तमानपत्रातली चौकट बघून त्यात पाण्याची पातळी पेन्सिलीने चढवतं. तुळशी आणि विहार पूर्ण रंगले आहेत, भातसाचं वर्तुळ निम्म्याच्या जरा वर आहे. पाऊस ओढ देतोय. सात दगड कुठून आणायचे, म्हणून काल मुलांनी आजींना विचारलं, कारण यंदा कोरडेच लागले तर तयारी हवी. दगड वाहत्या पाण्यातले हवेत, बागेतले चालायचे नाहीत, असं आजींनी बजावलंय.